अंथरूण पाहून प्रवास



आपल्या व्यापारी घरांत ‘गादी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एका गादीवर आपण रात्री झोपतो. दुसरीवर, पांढऱ्या खोळीच्या आणि लोड-तक्क्यांच्या गादीवर, दिवसभर बसून व्यवहार करतो. माझ्या घराण्याचा तर धंदाच गाद्या, चादरी आणि पडद्यांच्या कापडाचा. गादीत हात घालून कापूस नवा की जुना हे ओळखायला वडिलांनी मला दहाव्या वर्षी शिकवले. असे असूनही, उघड्या रानात जमिनीवर झोपायचे तर खाली काय अंथरावे, या साध्या प्रश्नाने गेल्या हिवाळ्यात मला निरुत्तर केले. त्याची हकिगत आज या सदरात सांगतो. आपली मुले आता मोटारसायकलवर तंबू बांधून निघू लागली आहेत. त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणार आहे.

माझा मुलगा तेवीस वर्षांचा. पेढीवर बसू लागल्याला त्याला दोन वर्षे झाली. दिवाळीनंतर एके दिवशी जेवताना तो म्हणाला, “पप्पा, येत्या जूनमध्ये लडाखला जायचे म्हणतो. चंदीगडपर्यंत गाड्या रेल्वेने पाठवू. पुढे मोटारसायकलने मनाली आणि लेह. रात्री तंबूत राहू. चातुर्मास लागण्यापूर्वी परत येतो.” त्याची आई काही न बोलता ताट उचलून आत गेली. सरळ नाही म्हणावे, तर मुलगा ऐकेल, पण मनातून दूर जाईल. हो म्हणावे, तर आमची झोप जाईल. मी मध्यम मार्ग काढला. “आधी एक रात्र इथेच, खडकवासल्याच्या बाजूला काढून दाखव. मीही येतो.” एका रात्रीत त्याची हौस फिटेल, असा माझा हिशेब होता, हे आज कबूल करतो.

पहिली रात्र

डिसेंबरातील एका शनिवारी आम्ही दुपारीच निघालो. खडकवासल्याचे धरण मागे टाकून पानशेतच्या रस्त्याला लागले, की गोऱ्हे गावाजवळ जलाशय रस्त्याच्या अगदी निकट येतो. समोरच्या तीरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर, पाठीशी सिंहगड. जलाशयाचा काठ सरकारी आहे आणि पुणे शहर हे पाणी पिते, म्हणून तेथे तंबू ठोकायचा नाही, असे आधीच ठरवले होते. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात, त्याची परवानगी घेऊन आम्ही मुक्काम केला.

मुलाने तंबूसाठी हवेची एक गादी मागवली होती. घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी होई. फुगवली की चार बोटे जाड. जाहिरातीत ‘अत्यंत आरामदायक’ असे लिहिले होते. मी मात्र दुकानातली उत्तम कापसाची रजई घेतली होती, आणि तीच खाली अंथरली. पन्नास वर्षे कापसाशी व्यवहार केलेल्या घराचा तो अभिमान होता.

रात्री दहापर्यंत सर्व ठीक होते. पुण्याच्या आसपास डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान बारा-दहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. डोंगरावरची गार हवा ओघळून खोऱ्यात येते आणि पाण्याकाठी दव अधिक पडते. मध्यरात्री माझी रजई दमट झाली आणि मुरमाचा एकेक खडा पाठीला मोजता येऊ लागला. मुलगा अंगावर दोन पांघरुणे घेऊनही कुडकुडत होता. तीनच्या सुमारास त्याच्या गादीतली हवा गेली. सकाळी पाहिले तर खाली बाभळीचा काटा होता. आम्ही दोघे पहाटेपर्यंत बसून राहिलो.

परतताना तो गाडी चालवत होता, मी मागे बसलो होतो. किरकटवाडी फाट्याच्या अलीकडे रस्ता सरळ आणि मोकळा होता. गाडी हळूहळू उजवीकडे सरकते आहे, हे मला जाणवले. मी त्याच्या खांद्यावर जोरात हात मारला. तो दचकला, गाडी सावरली आणि कडेला घेऊन थांबला. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “पप्पा, डोळा लागला होता.” समोरून त्या क्षणी काही येत नव्हते, एवढेच आमचे पुण्य.

झोप आणि मद्य

आपल्या घरांत मद्याला स्थान नाही. आपला मुलगा पिऊन गाडी चालवणार नाही, या भरवशावर आपण निश्चिंत असतो. परंतु 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की सलग 17 ते 19 तास जागे राहिलेल्या माणसांची काही चाचण्यांतील कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट होती. आपल्या देशात वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, एवढी आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरापर्यंत जागा राहिला, की सतरा तास भरतात. आम्ही दोघे तर त्यानंतरही पहाटेपर्यंत जागे होतो. ज्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केला नाही, असा माझा मुलगा त्या सकाळी मद्यप्यासारखा गाडी चालवत होता, आणि मी स्वतः त्याला चावी दिली होती.

मोटारीत डुलकी लागली तर निदान भोवती पत्रा असतो. दुचाकीवर तोल हेच संरक्षण. म्हणून तंबूतील अंथरूण हा ऐषआरामाचा विषय मानू नये. हेल्मेट आणि ब्रेक यांच्या पंक्तीला त्याला बसवावे. ते विकत घेताना आपण दुसऱ्या दिवशीच्या सकाळची सावधता विकत घेत असतो.

मी मुलाला लडाखचे नाव सोड असे म्हटले नाही. “माल पारखून घेतला नाही, म्हणून नुकसान झाले. आता पारखून घेऊ,” एवढेच म्हणालो. पुढील महिनाभर पेढी बंद झाल्यावर आम्ही दोघांनी या मालाचा अभ्यास केला. त्यातून जे हाती आले ते असे.

थंडी खालून येते

अंगावर कितीही पांघरा, थंडी जमिनीकडून शिरते. पांघरुणाची ऊब त्यातल्या अडकलेल्या हवेची असते. तेच वस्त्र अंगाखाली घेतले, की आपल्या भाराने दबते, हवा निघून जाते आणि ऊबही जाते. कापूस दव शोषतो, म्हणून माझी रजई दोन्ही बाजूंनी हरली. मुलाच्या गादीत हवा भरपूर होती, पण आत तिला अडवणारे काही नव्हते. अशा मोकळ्या पोकळीत हवा खेळत राहते आणि अंगाची ऊब खाली जमिनीला देऊन येते. म्हणजे गादी जाड असली की उबदार असतेच, हा समज खोटा.

थंडी अडवण्याच्या या गुणाला एक आकडा असतो, त्याला ‘आर-मूल्य’ म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकी जमिनीची थंडी कमी लागते. पूर्वी प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने हा आकडा छापत असे. 2018 मध्ये अमेरिकेतील एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेने त्याच्या मोजणीची एक समान पद्धत निश्चित केली. तिचा क्रमांक एफ 3340. वजनकाटा प्रमाणित असावा, हे आपल्याला सांगायला नको. गादीवर आर-मूल्य लिहिलेले नसेल, किंवा ते या पद्धतीने मोजले आहे असा उल्लेख नसेल, तर तो माल अंदाजाने घ्यावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

ढोबळ मानाने, उन्हाळ्यात खडकवासला-पानशेत परिसरात एक आर-मूल्यही पुरते. येथील हिवाळ्यासाठी दोन ते तीन असावे. लडाखच्या वाटेवर सारचू किंवा पँगाँगसारखे मुक्काम चार हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत. तेथे जूनमध्येही रात्री पारा शून्याजवळ किंवा खाली जाऊ शकतो. तेथे चार-पाचपेक्षा कमी घेऊन जाऊ नये. एक सोयीची गोष्ट अशी, की दोन गाद्या एकावर एक टाकल्या तर त्यांच्या आर-मूल्यांची बेरीज होते. दोनची एक आणि तीनची एक मिळून पाच. एकच महाग गादी घेण्यापेक्षा ही बेरीज अनेकदा स्वस्त पडते.

तीन जाती

बाजारात मुख्यतः तीन जातींचा माल आहे. पहिली जात म्हणजे आपल्याकडील गिर्यारोहकांची जुनी सोबतीण कॅरीमॅट. बंद छिद्रांच्या फोमची, एक ते दोन सेंटिमीटर जाडीची. तिला काटा टोचला तरी काही होत नाही, पाणी शोषत नाही, फुगवावी लागत नाही आणि किंमत कमी. चांगल्या दोन सेंटिमीटरच्या कॅरीमॅटचे आर-मूल्य दोनच्या आसपास असते. दोष दोन. सपाट कठीण जमिनीवर कुशीवर झोपणाऱ्याला ती अपुरी पडते, आणि गुंडाळी मोठी होते.

दुसरी जात हवेच्या गादीची. पाच ते दहा सेंटिमीटर जाड, घडी अगदी लहान. हिच्यातही दोन प्रकार आहेत. आत कृत्रिम तंतू किंवा चकाकणारे पापुद्रे बसवलेल्या गादीला ऊब असते. नुसती पोकळ असेल तर ती उन्हाळ्यापुरतीच. आमची फसगत येथेच झाली. काटा आणि खडा हे तिचे वैरी. काही गाद्यांतले पापुद्रे कूस बदलताना कागदासारखे वाजतात. तंबूत दोघे असतील तर दुकानातच झोपून ऐकावे.

तिसरी जात आपोआप फुगणाऱ्या गादीची. तिच्या जन्माची कथा व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सिएटल शहरात बोइंग कंपनीतून नोकरी गेलेल्या अभियंत्यांनी एका गिर्यारोहक मित्राच्या साथीने ती तयार केली. बागकामात गुडघ्याखाली घेतलेल्या फोमच्या उशीतून हवा आत-बाहेर होते, हे पाहून त्यांच्यापैकी एकाला कल्पना सुचली. उघड्या छिद्रांचा फोम हवाबंद कापडात चिकटवायचा आणि एक झडप ठेवायची. झडप उघडली की दबलेला फोम स्वतः ताठ होतो आणि हवा ओढून घेतो. शेवटी दोन-चार फुंकरा पुरतात. ऊब चांगली, आधार भक्कम. काटा टोचला तरी फोम थोडा आधार देत राहतो. वजन आणि आकार मात्र हवेच्या गादीपेक्षा अधिक.

जाडी, रुंदी आणि कूस

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण काटकसरीची आहे. येथे ती उलट लावावी. आधी आपले पाय, खांदे आणि सवय पाहावी, मग अंथरूण घ्यावे. जो उताणा झोपतो, त्याला दोन-तीन सेंटिमीटरवर निभावते. कुशीवर झोपणाऱ्याचा सारा भार खांदा आणि कंबरेच्या हाडावर येतो. त्याला पाच सेंटिमीटर तरी हवेत, देह भारी असेल तर सात. सामान्य गादी सुमारे 183 सेंटिमीटर लांब आणि 51 सेंटिमीटर रुंद असते. उंच माणसाने आणि झोपेत हात पसरणाऱ्याने सुमारे 64 सेंटिमीटर रुंदीची घ्यावी. हात रात्रभर गार जमिनीवर पडला, तर आर-मूल्याचा उपयोग काय?

हवा किती भरावी, हेही शिकावे लागते. बहुतेक जण ढोलकीसारखी ताठ भरतात आणि मग रात्रभर घसरत राहतात. पूर्ण भरावी, कुशीवर पडावे आणि झडप किंचित उघडून हवा थोडी थोडी सोडावी. कंबर जमिनीला टेकण्याच्या बेतात आली, की थांबावे. संध्याकाळी भरलेली हवा रात्री गार होऊन आकसते आणि गादी मऊ लागते. ती गळतेच आहे असे समजू नये, झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा भरून घ्यावी. तोंडाने फुंकण्यापेक्षा हवा भरण्याची पिशवी वापरावी. श्वासातला ओलावा आत जात नाही, आणि लडाखच्या विरळ हवेत दम लागत नाही.

गाडीवरचे ओझे

पायी चालणारा वजन मोजतो; मोटारसायकलस्वाराने आकार आणि जागा पाहावी. दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे झाल्याने इंजिनाला काही कळत नाही, पण हँडलच्या रुंदीबाहेर आडवी गेलेली गुंडाळी ट्रकला घासू शकते. कॅरीमॅट आडवी बांधायची तर तिची लांबी आधी मोजावी. घडीची कॅरीमॅट मिळते ती मागच्या आसनावर सपाट बसते. जड सामान खाली आणि गाडीच्या मध्याकडे, हलके वर. कोणतीही गादी सायलेन्सरपासून दूर ठेवावी; त्या उष्णतेने फोम आणि कापड दोन्ही वितळतात. हवेची गादी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून इतर कपड्यांच्या मध्ये ठेवावी. बाहेर बांधली तर रस्त्यावरचे कंपन तिला एखाद्या बकलावर घासून भोक पाडते.

ठिगळ आणि डिंक सोबत हवेतच. भोक सापडत नसेल, तर साबणाचे पाणी लावावे; बुडबुडा दिसतो तेथे ठिगळ. दिवसा फुगलेली गादी उन्हात ठेवू नये, हवा प्रसरण पावून आतले सांधे सुटतात. घरी आल्यावर आपोआप फुगणारी गादी गुंडाळून माळ्यावर टाकू नये. झडप उघडी ठेवून पलंगाखाली पसरावी, म्हणजे फोम दबून मरत नाही.

आपल्या घरांसाठी दोन गोष्टी

काही महाग हवेच्या गाद्यांत उबेसाठी पाणपक्ष्यांची पिसे भरलेली असतात. त्यांच्या वर्णनात ‘डाऊन’ हा शब्द असतो. विक्रेता ते वेगळे सांगेलच असे नाही, म्हणून भराव कशाचा आहे हे विचारूनच घ्यावे. कृत्रिम तंतूंच्या गाद्या सहज मिळतात आणि ओलसर हवेत त्यांची ऊब अधिक टिकते.

दुसरे, दिवस असताना मुक्कामी पोहोचावे. चौविहार सांभाळला जातो, हे तर आहेच. पण प्रकाशात जागा पारखता येते, मुंग्यांची रांग किंवा वारूळ टाळता येते, मऊ झाडणीने जमीन हळूच झाडून खडे-काटे दूर करता येतात. त्यावर जाड कापड, मग कॅरीमॅट, मग गादी. सकाळी गुंडाळण्यापूर्वी खालची बाजू पाहून, झटकून घ्यावी. या जयणेने जीवही वाचतात आणि गादीही.

दुसरी रात्र

बाजारात जाण्यापूर्वी आम्ही घरीच परीक्षा घेतली. मित्रांकडून तीन प्रकारच्या गाद्या आणल्या आणि थंडीत उघड्या खिडकीच्या खोलीत, फरशीवर एकेक रात्र झोपलो. जी गादी घरच्या फरशीवर झोप देत नाही, ती रानात देणार नाही. दुकानात दोन मिनिटे पडून पाहणे पुरेसे नसते. निदान वीस मिनिटे, आपल्या नेहमीच्या कुशीवर पडावे.

शेवटी मुलाने घडीची कॅरीमॅट आणि कृत्रिम तंतूंची हवेची गादी असा जोड घेतला. दोघींच्या आर-मूल्यांची बेरीज पाचावर जाते, आणि हवा गेली तरी कॅरीमॅट उरते. माझ्या कंबरेला आपोआप फुगणारी, सहा सेंटिमीटरची मानवली. दोन्ही मिळून खर्च झाला तो आमच्या दुकानातल्या एका चांगल्या दुहेरी गादीएवढा.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही पुन्हा गोऱ्ह्याला त्याच रानात गेलो. थंडी डिसेंबरहून अधिक होती. पहाटे मला जाग आली तेव्हा सहा वाजत आले होते. पाण्यावर धुके होते. मुलगा कुशीवर, तोंड किंचित उघडे ठेवून गाढ झोपला होता. तो लहान असताना पेढीवरच्या गादीवर असाच झोपी जायचा आणि मी हिशेबाच्या वह्या आवाज न करता मिटत असे. मी त्याला उठवले नाही. निघायला नऊ वाजले. किरकटवाडी फाट्याजवळ त्याने स्वतःहून गाडी कडेला घेतली, मागे वळून पाहिले आणि विचारले, “पप्पा, मला झोप येते आहे असे वाटते का?” मी नाही म्हणालो. मग आम्ही पुढे निघालो.

त्याच रात्री जूनच्या प्रवासाला होकार दिला. त्याच्या आईने एकच अट घातली आहे: ज्या रात्री झोप होणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी हलवायची नाही, मग मित्र पुढे गेले तरी चालतील. मुलाने ती अट लिहून घेतली आहे. आपल्या घरातील मूल असे निघणार असेल, तर त्याच्या गाडीचे कागद पाहता तसे त्याचे अंथरूणही एकदा उलगडून पाहा, आणि जमल्यास एक रात्र त्याच्याबरोबर झोपून पाहा.